अमेरिका तेरा राज्यांवरून पॅसिफिक महासागरापर्यंत पोचली, त्यातला प्रत्यक्ष व्यवहार कसा होता?

पानगळ

शाळेच्या इतिहासात हा विषय चार ओळींत उरकतात. १७८३ मध्ये इंग्रजांनी मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख सोडला, १८०३ मध्ये नेपोलियनने लुईझियाना विकलं, १८४५ मध्ये टेक्सास आलं, १८४८ मध्ये मेक्सिकोकडून कॅलिफोर्निया. सोबत रंगीत तुकडे जोडलेला नकाशा. सनावळ्या पाठ होतात, व्यवहार काही कळत नाही.

नुकतंच जन्मलेलं, कर्जात बुडालेलं राष्ट्र दीड कोटी डॉलर आणतं कुठून? नेपोलियनने जे विकलं ते मुळात त्याचं होतं का, आणि तिथे राहणाऱ्यांचं काय? शिवाय ब्रिटन किंवा स्पेनने मुलूख घेतला की त्याची वसाहत व्हायची. इथे ओहायो, आयोवा वगैरे थेट व्हर्जिनियाच्या पंगतीला जाऊन बसतात. हे कोणत्या कायद्याने? जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' (खंडभर पसरणं हेच आमचं विधिलिखित) वगैरे घोषणा माहीत आहेत, त्या नकोत.

तहनामा

पैशापासून सुरू करतो. दीड कोटी डॉलर कुणी थैल्यांतून मोजून दिले नाहीत. ठरलेली किंमत आठ कोटी फ्रँक. त्यातले दोन कोटी (३७ लाख ५० हजार डॉलर) फ्रान्सच्या हातात पडायचेच नव्हते. फ्रेंचांनी अमेरिकन व्यापाऱ्यांची जहाजं आणि माल पकडला होता, त्या भरपाईचे दावे अमेरिकी सरकारने स्वतःच्या अंगावर घेतले, इतकंच. उरलेल्या सहा कोटी फ्रँकसाठी, म्हणजे १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलरसाठी, ६ टक्के व्याजाचे कर्जरोखे काढले. मुद्दल फेडायला सुरुवात पंधरा वर्षांनी.

नेपोलियनला मात्र लगेच रोकड हवी होती. मग लंडनची बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमची होप या दोन पेढ्यांनी ते रोखे दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात उचलले आणि त्याच्या पदरात सुमारे ५ कोटी २० लाख फ्रँक पडले. मे १८०३ पासून ब्रिटन आणि फ्रान्स पुन्हा युद्धात उतरले होते, आणि लंडनची पेढी शत्रूच्या खजिन्यात भर घालत होती. सावकारीला सरहद्द नसते, दुसरं काय.

हे रोखे खपले कारण अमेरिकेची पत. अर्थमंत्री हॅमिल्टनने १७९० पासून राज्यांची आणि केंद्राची जुनी कर्जं एकत्र करून व्याज वेळच्या वेळी द्यायची शिस्त लावली होती. सरकारचं वार्षिक उत्पन्न तेव्हा एक कोटी डॉलरच्या आसपास, त्यातलं बहुतेक बंदरांवरच्या जकातीचं. गंमत म्हणजे खरेदीच्या वेळचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन या सगळ्या कर्जपद्धतीचा विरोधक, आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा त्यानेच घेतला.

जेफरसनला खरं तर हवं होतं न्यू ऑर्लिन्स, जमलं तर फ्लोरिडा. ओहायो आणि केंटकीचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, तंबाखू हे सगळं नदीने खाली यायचं, न्यू ऑर्लिन्सला उतरवायचं आणि समुद्री जहाजांत चढवायचं. तिथे माल ठेवायची मुभा स्पेनने १७९५ च्या तहात दिली होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती काढून घेतली आणि पश्चिमेकडचे शेतकरी खवळले. त्याच वेळी पलीकडे सेंट-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, पूर्वीच्या गुलामांचा उठाव मोडायला गेलेलं फ्रेंच सैन्य पीतज्वराने सडत होतं. सेनापती लक्लेर्कही नोव्हेंबर १८०२ मध्ये त्यातच गेला. हैतीच्या साखरमळ्यांना धान्य पुरवायला लुईझियाना हवं होतं. मळेच हातचे चालल्यावर ते ठेवून करायचं काय? ११ एप्रिल १८०३ ला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँने अमेरिकी राजदूत लिव्हिंग्स्टनला सरळ विचारलं, सगळंच घेता का? हैतीच्या बंडखोरांना या खरेदीचं श्रेय फार कमी लोक देतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नेपोलियनने जमीन विकली असं म्हणणं चूकच आहे. त्याने विकला तो युरोपातल्या बाकीच्या सत्तांना दूर ठेवून तिथे पुढचे व्यवहार करण्याचा एकट्याचा हक्क. म्हणून 'एकराला तीन सेंट' हा आकडा फसवा आहे. जमीन तिथे राहणाऱ्या जमातींकडून वेगळी घ्यायची होती, आणि तो खर्च (पैशाचा आणि रक्ताचा) पुढची सात-आठ दशकं चालू राहिला. १८२३ च्या जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं: मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क आहे, पण विकायचं झालं तर गिऱ्हाईक एकच, केंद्र सरकार. एकच गिऱ्हाईक असल्यावर भाव काय मिळणार!

नमुना बघा. नोव्हेंबर १८०४, सेंट लुईस. गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनने सॉक आणि फॉक्स जमातींच्या पाच जणांच्या सह्या घेऊन मुख्यतः मिसिसिपीच्या पूर्वेचा प्रचंड पट्टा लिहून घेतला. मोबदला: २,२३४ डॉलर ५० सेंटचा माल आणि दरसाल १,००० डॉलरचा माल, त्यात सॉकना ६०० चा, फॉक्सना ४०० चा. त्या पाच जणांना जमातीच्या पंचायतीने जमीन द्यायचा अधिकार दिलाच नव्हता. करारात एक कलम होतं की जोपर्यंत ही जमीन सरकारच्या मालकीची आहे तोवर जमातींनी तिथे राहावं, शिकार करावी. सरकारने ती खाजगी लोकांना विकली की हक्क संपला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉक नदीकाठच्या त्यांच्या मुख्य गावाभोवतीची जमीन विक्रीला निघाली, गोरे शेतकरी उभ्या मक्यात कुंपणं घालू लागले, आणि १८३२ मध्ये सॉकांचा नेता ब्लॅक हॉक याचं युद्ध झालं. म्हणजे तंटा पेटला तो सही झाली त्या दिवशी नाही, मोजणी आणि लिलाव झाल्यावर.

हद्दनिशाणी

वरच्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो, कारण मोजणीचा भाग लोक कंटाळवाणा म्हणून सोडून देतात आणि खरी यंत्रणा तिथेच आहे. न मोजलेली जमीन विकता येत नाही, आणि क्रांतियुद्धाचं कर्ज फेडायला काँग्रेसकडे (म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे) जमिनीशिवाय विकण्याजोगं काही नव्हतं. म्हणून मे १७८५ चा जमीन कायदा. काम सुरू झालं ३० सप्टेंबर १७८५ ला, ओहायो नदीकाठी, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर, थॉमस हचिन्सच्या हाताखाली.

हत्यार गंटरची साखळी. लांबी ६६ फूट, १०० कड्या, प्रत्येक कडी ७.९२ इंच. ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडच्या जुन्या मोजणीतली शंकू साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर निम्मी. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक गुंठा. गंटरची एक चौरस साखळी म्हणजे आपले चार गुंठे. ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांना आयोवातलं खरेदीखत जड जाऊ नये.

रचना अशी. एक मुख्य रेखावृत्त आणि त्याला काटकोनात एक पायारेषा आखायची. त्यांच्यापासून सहा-सहा मैलांचे चौकोन पाडायचे, त्यांना टाउनशिप म्हणतात. प्रत्येक टाउनशिपचे एक-एक मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. १७९६ पासून सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यापासून सुरू होतात, पहिली ओळ पूर्वेकडून पश्चिमेला, दुसरी उलटी, नांगर धरलेला बैल तासाच्या टोकाला वळून परत येतो तशी. ३६ वा सेक्शन आग्नेय कोपऱ्यात. १६ वा सेक्शन शाळेसाठी राखलेला. ओरेगॉनपासून, म्हणजे १८४८ नंतर, ३६ वा पण शाळेला मिळू लागला.

दस्तातलं वर्णन शेवटून पुढे वाचायचं. 'सेक्शन १० च्या आग्नेय पावाचा वायव्य पाव, टाउनशिप २ उत्तर, रेंज ३ पश्चिम.' आधी पायारेषेच्या उत्तरेला दुसरी टाउनशिप आणि रेखावृत्ताच्या पश्चिमेला तिसरी रांग शोधा, त्यातला १० नंबरचा चौकोन, त्याचा आग्नेय चौथा हिस्सा १६० एकर, त्यातला वायव्य चौथा हिस्सा ४० एकर. संपलं. ना नदीचा काठ, ना कुणाचा बांध, ना 'मोठ्या ओकपासून शंभर पावलं'. फिलाडेल्फियात बसलेला माणूस न बघितलेली जमीन घेऊ शकतो आणि पुढच्याला विकू शकतो.

चुका कुठे होतात:

पृथ्वी गोल आहे, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा जवळ येत जातात. ४० अंश अक्षांशावर सहा मैल रुंदीची टाउनशिप तिच्या उत्तर कडेला सुमारे ४० फूट अरुंद होते. हे साचत जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर, पुढे साधारण दर २४ मैलांवर, दुरुस्तीची रेषा घालून मोजणी नव्याने सुरू करतात. त्यामुळे मिडवेस्टमधला सरळसोट उत्तर-दक्षिण रस्ता मध्येच शंभर-दीडशे फूट बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. ड्रायव्हरला कारण कळत नाही. कारण हे आहे. टाउनशिपच्या आतली उरलीसुरली चूक उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांवर ढकलायची असा नियम, म्हणून त्या कडेला ६४० एकर क्वचितच भरतात.

साखळी झिजते. कड्यांचे जोड रोज घासले जातात आणि साखळी हळूहळू लांबते. लांबलेल्या साखळीने मोजलं की कागदावर ८० साखळ्या, पण जमिनीवर मैलापेक्षा जास्त. उतारावर साखळी आडवी ताणून न धरता जमिनीला लावूनच ओढली की उलट होतं, कागदावर ८० साखळ्या, पण सपाटीवर मैलापेक्षा कमी.

होकायंत्र लोखंडाजवळ वेडं होतं. विल्यम ऑस्टिन बर्टने यावर सूर्यावरून दिशा काढणारा कंपास केला, १८३६ चं पेटंट. १८४४ मध्ये त्याचंच मोजणीपथक उत्तर मिशिगनमध्ये असताना सुई भलतीकडेच फिरू लागली. आजूबाजूचे दगड फोडले तर कच्चं लोखंड. मार्क्वेटच्या खाणी तिथल्याच.

आणि शेवटी माणूस. मोजणीदाराला मजुरी मैलावर मिळायची, १७८५ मध्ये मैलाला दोन डॉलर, त्यातच साखळीवाल्यांचा पगार. दलदल आली की तंबूत बसून वहीत आकडे भरायचा मोह होणारच. कॅलिफोर्नियात १८७० आणि ८० च्या दशकांत तर टोळीच होती, न गेलेल्या डोंगरांच्या मोजणीवह्या लिहून सरकारकडून पैसे उकळणारी.

इतकं चुकीचं असूनही हा डोलारा टिकला तो १८०५ च्या एका कायद्यामुळे: मूळ मोजणीदाराने जागेवर रोवलेला कोपरा हाच खरा कोपरा. तो चुकला असला तरी. कागद आणि खुंटी यांत फरक पडला तर खुंटी जिंकते. नाहीतर प्रत्येक पिढीत फेरमोजणी आणि प्रत्येक बांधावर कोर्टकचेरी. खुणेच्या झाडांवर साल काढून आकडे कोरायचे आणि झाडाची दिशा-अंतर वहीत लिहायचं. गवताळ माळावर झाड नसेल तर मातीचा ढीग, आणि त्याखाली कोळसा पुरायचा. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. अजूनही मोजणीदार जुना कोपरा शोधताना हाताने हळूहळू माती खरवडून तो काळा डाग बघतात.

उंबरठा

बरोबरीच्या राज्याचा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

मूळ भानगड अशी की व्हर्जिनिया, कनेटिकट वगैरे काही राज्यांच्या सनदा पश्चिमेला अमर्याद पसरलेल्या होत्या आणि मेरीलँडसारख्यांकडे काहीच नव्हतं. ती जमीन केंद्राला द्या, तरच संघात येतो, असं मेरीलँड अडून बसलं. व्हर्जिनियाने दावा सोडायची तयारी दाखवली आणि १७८१ मध्ये संघाची घटना लागू झाली. त्याआधी, ऑक्टोबर १७८० मध्येच काँग्रेसने ठराव केला होता की या जमिनीतून नवी राज्यं होतील आणि त्यांना जुन्यांइतकेच हक्क असतील. म्हणजे वचन आधी, मुलूख नंतर. माझ्या मते सगळ्या विस्तारातला सर्वांत हुशार निर्णय हाच. जे स्वतःच वसाहत म्हणून इंग्रजांशी भांडत होते, त्यांच्या ध्यानात होतं की डोंगरापलीकडच्या माणसाला दुय्यम ठेवलं तर तोही एक दिवस हेच करेल, किंवा स्पेनला जाऊन मिळेल.

१३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने पायऱ्या ठरवल्या. पहिली: केंद्राने नेमलेला गव्हर्नर, एक सचिव, तीन न्यायाधीश, निवडणूक नाही. दुसरी: पाच हजार सज्ञान स्वतंत्र पुरुष झाले की निवडलेलं विधिमंडळ, मतदाराकडे निदान ५० एकर हवी. तिसरी: साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की घटना लिहून राज्य म्हणून प्रवेश. त्याच कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी बंद केली. ओहायो १८०३ मध्ये आलं, त्या पट्ट्यातलं पाचवं विस्कॉन्सिन १८४८ मध्ये.

पण पायऱ्या सगळ्यांना सारख्या चढता आल्या नाहीत. कॅलिफोर्निया सोन्याच्या लोंढ्यामुळे दोन वर्षांत, मधली पायरी गाळून, १८५० मध्ये राज्य झालं. स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक वस्तीचं न्यू मेक्सिको त्याच साली टेरिटरी (राज्याचा दर्जा नसलेला, केंद्राच्या हाताखालचा प्रदेश) झालं आणि राज्य व्हायला १९१२ उजाडलं. यूटा बहुपत्नीत्वापायी १८९६ पर्यंत ताटकळलं. कायदा एकच, दार उघडणारा हात काँग्रेसचा. आणि प्रत्येक नव्या राज्याबरोबर सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, दोन जागा येत असल्याने 'गुलामगिरीसह की गुलामगिरीविना' हे भांडण प्रत्येक मोजणीमागे चालत आलं: १८२० ची गुलामगिरीची उत्तर हद्द ठरवणारी ३६ अंश ३० कलांची रेषा, १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, आणि १८६१ चं यादवी युद्ध.

पानगळ

अप्रतिम माहिती. एक पुरवणी प्रश्न: १६० एकर फुकट मिळायची म्हणतात, ते कधीपासून? आणि मेक्सिकोच्या बाजूला आधीच जमीनदार होते, त्यांचं काय झालं?

हद्दनिशाणी

फुकट फार उशिरा. १७८५ मध्ये कमीत कमी ६४० एकर, एकराला एक डॉलर. शेतकऱ्याला ते शक्यच नव्हतं, सट्टेवाल्यांचं फावलं. १७९६ ला भाव दोन डॉलर. १८०० ला ३२० एकर आणि चार वर्षांची उधारी. उधारीने लोक बुडाले, १८१९ च्या मंदीत थकबाकी डोक्यावर गेली. मग १८२० ला उधारी बंद, ८० एकर, एकराला सव्वा डॉलर रोख.

१८६२ चा होमस्टेड कायदा: १६० एकर, अर्ज करताना १० डॉलर अधिक २ डॉलर दलाली, पाच वर्षं राहून घर आणि शेत दाखवायचं, दोन साक्षीदार आणायचे, शेवटी ६ डॉलर. एकूण १८ डॉलर आणि सनद हातात. अडचण अशी की ओहायोत १६० एकर म्हणजे सुखवस्तू शेत, आणि देशाच्या साधारण मध्यातून जाणाऱ्या शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पाऊसच इतका कमी की तेवढ्यात गुरंही भागत नाहीत. शिवाय सहा महिन्यांनी सव्वा डॉलर भावाने विकत घेऊन मोकळं व्हायची सोय होती, तिचा फायदा गुरांच्या आणि लाकडाच्या कंपन्यांनी बेनामी अर्जदार उभे करून घेतला. रेल्वेला तर मैलामागे आधी दहा आणि १८६४ पासून वीस सेक्शन, एकाआड एक.

तहनामा

मेक्सिकोबद्दल. फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहात दीड कोटी डॉलर आणि अमेरिकन नागरिकांचे साडेबत्तीस लाखांपर्यंतचे दावे अंगावर घेऊन, टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख गेला. मेक्सिकन सरकारने दिलेल्या जमिनींच्या सनदा मान्य करणारं १० वं कलम अमेरिकी सिनेटने मंजुरीच्या वेळी उडवलं. मालमत्ता सुरक्षित राहील असं मोघम आश्वासन मात्र राहिलं.

मग १८५१ चा कायदा: कॅलिफोर्नियातल्या प्रत्येकाने आयोगापुढे येऊन मालकी शाबित करायची, न आल्यास जमीन सरकारजमा. ८१३ दावे आले, ६०४ मान्य झाले. पण त्या सनदांसोबतचे नकाशे हाताने काढलेले, हद्द म्हणजे ओढा, टेकडी, मोठं झाड. दोन घोडेस्वार चामड्याची दोरी ताणत धावत मोजायचे आणि कागदावर 'थोडं कमी-जास्त' असं लिहायचे. चौकोनी मोजणीच्या कायद्यापुढे ते कसं टिकणार? अपिलं धरून सनद मिळायला सरासरी सतरा वर्षं लागली. तोवर वकिलाची फी जमिनीतूनच गेलेली, आणि मधल्या काळात सोनं संपलेले खाणवाले येऊन बसलेले. जिंकूनही हरले म्हणतात ते हेच.

त्याच तहात सरहद्द डिस्टर्नेलच्या १८४७ च्या नकाशावरून ठरवली होती. त्यात एल पासो सुमारे अर्धा अंश उत्तरेला आणि रिओ ग्रांदे नदी सुमारे दोन अंश पूर्वेला सरकलेली निघाली. जागेवर गेलेले दोन्हीकडचे अधिकारी अडले, मेसिया खोऱ्यावरून पुन्हा युद्धाची भाषा सुरू झाली. दक्षिणेकडच्या रेल्वेलाही नेमका तोच सपाट पट्टा हवा होता. १८५३ च्या गॅड्सडेन करारात तो तंटा मिटवला. दीड कोटीची बोली सिनेटने एक कोटीवर आणली.

उंबरठा

नकाशाच्या चुकांत उत्तरेकडची पण घाला. १७८३ च्या तहात लिहिलं: लेक ऑफ द वूड्सच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत. पण मिसिसिपीचा उगम त्या टोकाच्या बराच दक्षिणेला आहे, त्यामुळे ती रेषा नदीला कधी लागतच नाही. वाटाघाटीत वापरलेल्या १७५५ च्या मिचेलच्या नकाशात नेमक्या त्या कोपऱ्यावर हडसन उपसागराची चौकट छापलेली होती. १८१८ मध्ये ठरलं की त्या टोकापासून दक्षिणेला ४९ अंशांपर्यंत उतरा आणि मग पश्चिमेला वळा. त्यामुळे मिनेसोटाचा एक तुकडा तळ्यापलीकडे राहिला. तिथे गाडीने जायचं तर आजही कॅनडाच्या मॅनिटोबात शिरून परत अमेरिकेत यावं लागतं.